मामांना विचारायचे राहिले

पाळी,
ता. ३ ऑक्टोबर १९८८

ती. मामांस सुविधाचा कृतानेक शि. सा. नमस्कार. वि. वि.

आई व मी येथे खुशाल. गणपतीची चवथ झाल्यावर तुम्ही याल म्हणून आईने खोबऱ्याच्या गोड नेवऱ्या राखून ठेवल्या होत्या. तुम्ही आला नाहीत, त्या मला आठ दिवस पुरल्या. नवा पाय बसवून चार महिने झाले तरी तुम्ही दारापुढच्या बाल्कांवापलीकडे जात नाही, असे मामीने कळवले आहे. पाय काय शोभेला घेतलात?

आता कामाचे. खाणीच्या ऑफिसात कामगारांची हजेरी लिहिता लिहिता मी यंदा मुंबईच्या एका संस्थेचा टपालाने शिकवला जाणारा अभ्यासक्रम घेतला आहे. अपघाताने किंवा आजाराने अधू झालेल्या कामगाराला पुन्हा कामावर कसे आणावे, हे त्यात शिकवतात. प्रमाणपत्र अगदी पहिल्या पायरीचे, पण आमच्या खाणीवर ते दुसऱ्या कुणाकडे नाही. अकरा धडे झाले. बाराव्यात एका खऱ्याखुऱ्या कामगाराची योजना करून ती अमलात आणायची आहे. तो कामगार तुम्ही!

जमण्यासारखे काम न मिळाल्यास ३१ डिसेंबरला तुमचे नाव कमी होईल, हे कंपनीचे पत्र मीच टाइप केले होते. टाइप करताना मला रडू आले. म्हणून डॉक्टरांना भेटले, वर्कशॉपचे इंजिनीअर सदाशिवबाब यांना भेटले, तुमच्या स्वभावाबद्दल आईशी बोलले आणि गेटवर पास लिहायचे काम तुमच्यासाठी पक्के केले. बसायला कदेल, साहेबांच्या खुर्चीसारखे, डोक्यावर पंखा, एकही पायरी नाही. कागद वर गेलेसुद्धा. नोव्हेंबरात यायचे आहे, तयारीला लागा.

मामीस नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहावा.

तुमची
सुविधा


पार्से,
ता. २२ ऑक्टोबर १९८८

चि. सुविधास मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र ह्यांनी दोनदा वाचले आणि घडी घालून देवघरातल्या फळीवर ठेवले. विचारले तर म्हणाले, भाची शिकली हे बरे झाले. एवढे बोलून बाल्कांवात जाऊन बसले.

मी त्यांना घरात कशालाही हात लावू देत नाही. नारळ सोलायला घेतला तर काढून घेते. पोदेर आला तर पाव घ्यायला मीच धावते. एवढे जपूनही माणूस दिवसेंदिवस सुकत चालला आहे, तो का ते मला उमगत नाही.

शेवटी धीर निघेना, म्हणून देवीला कौल लावला. ह्यांना पायऱ्या नकोत म्हणून एकटीच गेले. ह्या बाईच्या घरकाराने गेटवरची कदेलाची नोकरी धरावी काय, असे गुरवाने गाऱ्हाणे घातले. देवीच्या अंगावर लावलेली पाकळी बराच वेळ हलेना, आणि पडली ती डावी, म्हणजे नको. उजवी पडती तर मीच त्यांची बॅग भरली असती. आता देवीने नको म्हटल्यावर मी त्यांना कशी पाठवू? तू रागावू नकोस, बाये. तुझ्या परीक्षेसाठी दुसरा कुणी बघ.

वन्संना नमस्कार. मामीवरची माया कमी करू नकोस.

तुझी
मामी


पार्से,
ता. २ नोव्हेंबर १९८८

चि. सुविधा हिस अनेक आशीर्वाद.

देवीकडे जाऊन आल्याचे तुझ्या मामीने मला आठ दिवसांनी सांगितले. म्हणजे पायाचे डॉक्टरांना विचारून झाले, जागेचे इंजिनीअरला विचारून झाले, स्वभावाचे तुझ्या आईला विचारून झाले, आणि राहिलेले देवीला. पाळीपासून पार्सेपर्यंत सगळ्यांना माझ्याबद्दल विचारलेत. मी घरातच होतो.

बावीस वर्षे मी डंपर दुरुस्त केले. ज्यांना मी पाना धरायला शिकवला, ते त्या गेटमधून गाड्या नेणार, मी कदेलावर बसून त्यांना पास फाडून देणार, आणि माझ्या पायाकडे नजर जाऊ नये म्हणून ते आभाळाकडे बघत पुढे जाणार. हे मला सोसणार नाही. डंपरखालचा जॅक सरकून पाय गेला तेव्हाही इतके सोसले नव्हते. नाव कमी होत असेल तर होऊ दे.

घरी कोंकणी, पत्रात मराठी आणि परीक्षेत इंग्रजी, एवढ्या भाषा येतात तुला. त्यातल्या एकीत तरी मला विचारायचे होतेस.

कडक लिहिले, ते तू माझी म्हणून. माया आहे तशीच आहे.

तुझा मामा
कृष्णनाथ


पाळी,
ता. १४ नोव्हेंबर १९८८

ती. मामांस सा. न.

दिवाळीचे पोहे या वर्षी मला गोड लागले नाहीत. तुम्हाला ठाऊक नाही अशी एक गोष्ट कबूल करायची आहे. योजनेच्या कागदात कामगाराचे स्वतःचे म्हणणे लिहायला जागा असते. तिथे मी ‘मान्य आहे’ असे लिहून मोकळी झाले होते. मामा भाचीला नाही म्हणणार नाहीत, मोठ्यांना अशा गोष्टी विचारत बसायचे नसते, असेच मी धरून चालले. आधी कामगाराला विचारा, हे तर पहिल्याच धड्यात आहे, आणि त्या धड्यात मला पैकीच्या पैकी गुण आहेत! मला माझीच लाज वाटली.

काल मॅनेजरसाहेबांसमोर उभी राहून ते वाक्य खोटे आहे असे सांगितले आणि कागद परत घेतला. ते चांगलेच तापले. मुंबईलाही तसे कळवले आहे. पास करतील की नाही, देव जाणे.

आता विचारते. मामा, तुम्हाला काम करायचे आहे का? कोणते? आणि त्यासाठी काय काय लागेल? नको म्हणालात तर नको असेच लिहीन. पण डिसेंबर लांब नाही, तेव्हा उत्तर लवकर पाठवा.

मला क्षमा करावी आणि पूर्वीसारखेच रागे भरत राहावे.

तुमची
सुविधा


पार्से,
ता. २१ नोव्हेंबर १९८८

चि. सुविधा हिस अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. दोन वर्षांत दुखते का, हे सगळ्यांनी विचारले. काय करायचे आहे, हे कुणी विचारले नव्हते.

करायचे आहे. डंपरचे डिझेल पंप आणि नोझल बिघडले की ते म्हापशाला दुरुस्तीला जातात, आणि तीन-तीन दिवस गाडी उभी राहते. ते काम मला येते. त्याला हात, डोळे आणि कान लागतात, पाय लागत नाही. वर्कशॉपातले मेज वीतभर खाली घ्यावे. पाठ टेकता येईल असे स्टूल द्यावे. दारातल्या तीन पायऱ्यांवर उतार बांधावा. आणि मी हाक मारल्याशिवाय कुणी माझा दंड धरू नये, हेही कागदावर घे. मेजाचे चित्र सोबत काढले आहे.

देवीने नको म्हटले ते कदेलाला, मला नव्हे, असे मी मामीला समजावले. तिला ते पटले, तरी खात्रीसाठी पुन्हा कौल लावते म्हणून निघाली. मग मीच बरोबर गेलो. सत्तावीस पायऱ्या आहेत. वाटेत दोनदा टेकलो. कौल लावला नाही, नमस्कार करून आलो.

तुझे साहेब काय म्हणतात ते कळव. लोभ ठेव.

तुझा मामा


पाळी,
ता. १७ डिसेंबर १९८८

ती. मामांस सा. न.

घाईत लिहिते. सदाशिवबाबांनी तुमचे चित्र बघितले आणि हे आपल्याला आधी का सुचले नाही म्हणून स्वतःवरच चिडले. साहेबांनी मात्र कपाळाला आठ्या घालूनच सही केली. एक महिना बघणार, जमले तर कायम, नाही तर नाव कमी. मेज कापून झाले, उताराचे सिमेंट सुकते आहे. कुणी दंड धरू नये, हे सदाशिवबाबांनी सगळ्यांना उभे करून वाचून दाखवले.

जानेवारीच्या दोन तारखेला या. आईने खोली झाडून ठेवली आहे. बाकी भेटीत. ममता असू द्यावी.

तुमची
सुविधा


पार्से,
ता. ४ फेब्रुवारी १९८९

चि. सुविधास मामीचे अनेक आशीर्वाद.

काम कायम झाल्याचा कागद ह्यांनी आज आणला. तुझे प्रमाणपत्र आले हेही सांगितले. वर्ग खालचा मिळाला म्हणून तू खट्टू आहेस म्हणे. असू दे गो. माझ्या लेखी तू पहिली आलीस.

दर शनिवारी येतात तसेच म्हापशाच्या बसने आले. या आठवड्यात सहा पंप आले होते म्हणे. हाताला डिझेलचा वास, नखांत काळे, सदऱ्याची बाही फाटलेली. आल्या आल्या सोप्यावर बसले, पाय सोडवून बाजूला ठेवला आणि म्हणाले की आज फार दमलो. दोन वर्षे मी ह्या माणसाला दमू दिले नव्हते. चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि चुलीपाशी पोटभर रडून घेतले. इतके बरे मला कित्येक दिवसांत वाटले नव्हते.

चहा घेऊन बाहेर आले तर ते तिथेच आडवे झाले होते. दिवेलागण झाली, आमटी निवते आहे, तरी मी त्यांना हाक मारलेली नाही. तेवढ्या वेळात हे पत्र लिहिले. आता घोरू लागले आहेत.

तुझी
मामी