तिसरी ब मध्ये अडून राहिलेली टाळी

दिनांक : २७ जानेवारी २०२६

प्रति,
मा. केंद्रप्रमुख साहेब,
आमच्या शाळेचे केंद्र, पुणे शहर.

(शाळेचे नाव मुद्दाम घातलेले नाही. मुख्याध्यापिका जया मॅडम म्हणाल्या, "अर्ज कर हो, पण शाळेचं नाव खराब करू नकोस." म्हणून नावच वगळले आहे. आपण येऊन गेला आहात, आपल्या लक्षात येईल.)

विषय : तिसरी ब च्या वर्गात एकदा येऊन एक वाक्य बोलण्याबाबत.
संदर्भ : शनिवार, दि. १७ जानेवारी रोजीची आपली शाळाभेट.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही नववी अ ची विद्यार्थिनी असून दर शनिवारी, म्हणजे दप्तराविना शाळा असते त्या दिवशी, तिसरी ब वर 'ताईचा तास' घेते. या अर्जात अर्जदाराने स्वतःला कुठेही 'मी' म्हटलेले नाही. अर्जदाराचे बाबा एका कार्यालयात लिपिक आहेत. ते म्हणाले, "'मी' लिहिलंस तर साहेब बाजूला ठेवतील. अर्जदार लिही, म्हणजे फाईलला लागेल."

१. अर्जदार ही गेल्या वर्षापर्यंत वर्गात उभी राहिली की बेंचशी बोलत असे. तिला 'ताईचा तास' मिळाला तो बाकीच्या मुलींनी नको म्हटल्यामुळे. तिसरी ब ने तिला पहिल्याच दिवशी "ताई, तुम्ही खऱ्या टीचर का नाही?" असे विचारले, आणि उत्तर देता देता तिचा आवाज फुटला, तो अजून थांबलेला नाही. तिची मैत्रीण श्रद्धा हिचे म्हणणे असे की, आता अक्षताला (म्हणजे अर्जदाराला) गप्प बसवायचे तर वरून आदेश काढावा लागेल. ही माहिती यासाठी दिली की, अर्जदार या सर्वासाठी तिसरी ब चे देणे लागते.

२. तासाचा विषय मूल्यशिक्षण. त्यात अर्जदाराने 'चुकीची टाळी' सुरू केली. ज्याची चूक झाली त्याने उभे राहून ती आपणहून सांगायची, सगळ्यांनी मिळून एक टाळी वाजवायची, आणि विषय संपला. नंतर चिडवायचे नाही, घरी सांगायचे नाही. पहिल्या शनिवारी मात्र सगळ्यांनी उठून तेजसच्याच चुका सांगितल्या आणि तेजस रडला. तेव्हापासून दुसरा नियम आला : दुसऱ्याची चूक सांगायची नाही. ज्याची त्याने सांगायची. मग तेजसने उभे राहून सांगितले की, त्याने श्यामच्या स्वेटरला नाक पुसले होते. श्यामला हे तेव्हाच कळले. तरी त्याने टाळी वाजवली. नियम इतका पक्का बसला होता.

३. अवनी नावाच्या मुलीला आजवर एकही टाळी मिळालेली नाही, कारण ती चुकत नाही. तिने अर्जदाराला एकदा विचारलेही होते, "ताई, माझा नंबर कधी?" कृपया हे लक्षात असू द्यावे.

४. आता भेटीविषयी. आपण खुर्ची सोडून कपाटापाशी उभे राहून मुलांना चारित्र्य या विषयावर मार्गदर्शन करत होता. माणसाने नेहमी खरे बोलावे, हे आपण दोन्ही हात पसरून सांगत होता. आपला उजवा कोपर कपाटाच्या दिशेने होता. कपाटावर पृथ्वीगोल होता. त्यानंतर पृथ्वीगोल जमिनीवर होता.

पृथ्वीगोल कोणी पाडला, हे या अर्जात लिहिलेले नाही. कलम २ मधील दुसरा नियम अर्जदारालाही लागू आहे.

५. पृथ्वीगोल पडताच सगळ्या वर्गाने टाळीसाठी हात वर धरले. आपला असा समज झाला असावा की मुले मार्गदर्शनात रंगली आहेत, कारण "किती लक्ष देऊन ऐकतायत" असे आपण म्हणालात. तसे नव्हते. ती वाट पाहत होती. वर्गशिक्षिका शर्मिला टीचर तेव्हा पाणी पीत होत्या. बराच वेळ पीत होत्या. तेवढ्यात आवाज ऐकून जया मॅडम आत आल्या आणि म्हणाल्या, "कोणी पाडला रे हा?" मुलांचे हात वरच होते. आपण घड्याळाकडे पाहत होता. मॅडम म्हणाल्या, "नाव कळेपर्यंत कोणीही खेळायला जाणार नाही."

तेव्हा अवनी उठली आणि म्हणाली, "मी."

अवनी पहिल्या बाकावर होती, कपाट वर्गाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुलांनी वर धरलेले हात खाली घेतले. टाळी वाजली नाही. टाळी वाजवली ती फक्त आपण. "शाब्बास, याला म्हणतात संस्कार," असे म्हणून आपण खिशातले पेन काढून तिला बक्षीस दिलेत.

६. अर्जदाराने नंतर अवनीला बाजूला घेऊन विचारले, "तू का उठलीस गं?" ती म्हणाली, "सगळ्यांनी हात वर धरले होते, ताई. दुखायला लागले होते."

७. तेव्हापासून अवनी वर्गात बोलत नाही. हजेरीला हात वर करते, तेवढेच. तिची आई चंपाताई लोणी काळभोरच्या. त्या शाळेत येऊन अर्जदाराला म्हणाल्या, "आमची पोर खोटं बोलत न्हाई असं समदी म्हणायची. आता तर बोलतच न्हाई." पेन ती रुमालात बांधून दप्तराच्या तळाशी ठेवत असे. गेल्या शनिवारी ती चूक सांगायला उभी राहिली, तोंड उघडले, आणि परत बसली. कारण साधे आहे. 'मी खोटं सांगितलं' एवढे म्हटले की दुसऱ्या कुणाची तरी चूक आपोआप सांगितली जाते, आणि ते नियमात बसत नाही. म्हणजे त्या दुसऱ्या कुणीतरी आधी बोलल्याशिवाय अवनीला बोलता येत नाही. ती अडकली आहे, साहेब.

८. बाकीच्या वर्गानेही टाळी बंद ठेवली आहे. तेजसने विचारले, "ताई, ही टाळी मोठ्या माणसांना चालत नाही का?" अर्जदाराने "विचारून सांगते" असे उत्तर दिले. प्रस्तुत अर्ज म्हणजे ते विचारणे होय. जया मॅडमना आधी विचारले होते. त्या म्हणाल्या, "अगं, साहेबांना असं विचारतात का? आणि गोल जुनाच होता." हे खरे आहे. चिकटपट्टी लावल्यावर तो फिरतोही, फक्त हिंदी महासागरापाशी अडतो.

सबब नम्र विनंती की, आपण येत्या शनिवारी परिपाठानंतर तिसरी ब मध्ये यावे. गुलाबपुष्प, नारळ, स्वागतगीत यांपैकी काहीही होणार नाही. मुले काही विचारणार नाहीत. आपण उभे राहावे, एक वाक्य बोलावे, एक टाळी घ्यावी आणि जावे. नंतर चिडवायचे नाही, हा नियम आपल्यालाही लागू राहील, याची हमी अर्जदार देते.

पृथ्वीगोलाशी आपला काही संबंध नाही असे आपले मत असल्यास, तरीही यावे आणि दुसरी कोणतीही चूक सांगावी. लहान असली तरी चालते. घरचीही चालते. एकदा मोठे माणूस उभे राहिलेले दिसले की अवनी आपले बघून घेईल, असे अर्जदाराला वाटते. आणि तिची पहिली टाळी तिला खऱ्या चुकीची मिळेल.

या अर्जामुळे अर्जदाराचा 'ताईचा तास' काढून घेतला जाऊ शकतो, असे बाबांनी वाचून झाल्यावर सांगितले. मग अर्ज परत देत म्हणाले, "सही स्पष्ट कर."

आपली नम्र, आणि तिसरी ब बरोबर हात तयार ठेवून बसलेली,

(स्पष्ट सही)
कु. अक्षता बुद्धभूषण ओव्हाळ
इयत्ता नववी अ

सोबत :
१) निळे पेन, एक. न वापरलेले. अवनीने स्वतः दिले आहे. ती म्हणाली, "हे माझं नाही."
२) वरील पेन ज्यात बांधले आहे तो रुमाल. रुमाल अवनीचा आहे, तो परत हवा आहे. टपालाने पाठवू नये. शनिवारी येताना आणावा.