मंगळाला दिलेल्या खोट्या रंगाबाबत

मी, शारदा कोंडाजी ओझरकर, वय ६८, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार मौजे जांबे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. येत्या बारा तारखेला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायचा प्रयत्न मात्र झाला, आणि तो करणाऱ्याचे नाव खाली येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. जांब्यातले माझे राहते घर, वरच्या भाड्याच्या खोलीसह, माझा भाचा अमोल याला द्यावे. तो बोलतो जास्त आणि ऐकतो कमी, पण माझ्या औषधांच्या वेळा त्याला पाठ आहेत.

कलम २. अमोलचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ नरहरी, यांना काहीही देऊ नये. घरामागची तांबडी टेकडी त्यांनी २०११ साली मला न विचारता मुरमासाठी विकली. मी शाळेतून परतले तेव्हा जेसीबी निम्म्यावर पोहोचला होता. मी ओरडले, तर हे म्हणाले, "आक्का, दगडंच हुती. काय पीक येत हुतं का तितं?" आज त्या जागी इमारतीचे पार्किंग आहे. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही आणि मेल्यावर बोलायचा विचार नाही.

कलम ३. माझा संगणक, सहा हार्डडिस्क, मंगळाची मूळ छायाचित्रे आणि मी रंगवलेली चारशे बारा चित्रे मृण्मयी सावळे हिला द्यावीत. ही मुलगी वाशीमची, हिंजवडीत नोकरीला. दीड वर्ष माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होती. तिला हे का द्यायचे ते लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही.

मंगळावर फिरणाऱ्या यानांनी काढलेली छायाचित्रे कोणालाही फुकट मिळतात. ती येतात काळी-पांढरी. एकच दगड लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीनदा टिपलेला असतो. तीन चित्रे नीट एकावर एक बसवली की रंग उमटतो. पण कोणत्या रंगाला किती जोर द्यायचा हे बसवणाऱ्याने ठरवायचे असते. त्यासाठी यानाच्या पाठीवर एक छोटी पट्टी लावलेली असते. तिच्यावर निळा, हिरवा, पिवळा, तांबडा असे ठरलेले तुकडे. चित्रात तो निळा तुकडा निळा दिसला तर बाकीच्या मातीचा रंग विश्वासाचा.

मी दहा वर्षे ती पट्टी कापून टाकत आले. मंगळ पाहायचा आहे, यानाची पाठ कशाला, असे मी सांगत असे. आणि रंग? माझ्या टेबलावर आमच्या टेकडीच्या मुरमाची एक बाटली होती, शाळेच्या नमुन्यांतली. लोखंडाने तांबडी झालेली माती कशी दिसते हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मी बाटलीकडे पाहायचे आणि मंगळ रंगवायचे.

कलम ४. पौडच्या आमच्या विज्ञान मंडळाचे अध्यक्ष दयानंद यांनी मला वेळोवेळी दिलेल्या अकरा शाली त्यांना परत द्याव्यात. घड्या मोडलेल्या नाहीत. पुढच्या सत्कारांना कामी येतील.

कारण असे. दोन वर्षांपूर्वी पौडच्या सभागृहात माझ्या चित्रांचे प्रदर्शन होते. मी तासभर बोलले. अंधश्रद्धा, अर्धवट ज्ञान, पुरावा न मागणारा समाज, सगळ्यांना झोडपून काढले. शेवटी मृण्मयी उभी राहिली. म्हणाली, "काकू, प्रत्येक चित्रात रंगाची पट्टी कापलेली आहे. एक चित्र न कापता दाखवाल का?"

मी काय उत्तर दिले ते इथे जसेच्या तसे लिहिते. "बाळ, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी आधी या गावची माती ओळखायला शिकावं, मग मंगळाची चौकशी करावी." सभागृह हसले. टाळ्या पडल्या. दयानंद सर्वांत जोरात हसले. पुरावा मागितल्याबद्दल मी एका मुलीला चारशे लोकांसमोर उपरी ठरवले, आणि तेही पुरावा मागायला शिका असे तासभर सांगून झाल्यावर. महिनाअखेरीस तिने खोली सोडली. जाताना किल्ली देत एवढेच म्हणाली, "मला खरंच बघायचं होतं, काकू. तुम्हाला अडवायचं नव्हतं."

ती गेल्यावर मी एक चित्र माझ्या नेहमीच्या रंगातच, पण न कापता बसवले. निळा तुकडा तपकिरी आला. दुसरे बसवले. तपकिरी. सतरा चित्रे बसवली आणि उठले.

दयानंदांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, कुणाला कळतंय? चौतीस शाळांत तुमची चित्रं लागलीत. लोकांना मंगळ लालभडकच हवा असतो. तुम्ही कशाला उकरून काढताय? मंडळाची अब्रू आहे." मी खुलासा लिहून दिला. मंडळाने तो छापलेला नाही. दुसरा दिला, तो हरवला म्हणतात. गेल्या महिन्यात निरोप आला की या वयात मॅडमनी मनस्ताप करून घेऊ नये. माझ्या मनस्तापाची काळजी करणाऱ्या या गृहस्थांनी माझ्या शोकसभेत बोलू नये, बसूही नये.

कलम ५. या चित्रांच्या प्रती चौतीस शाळांच्या भिंतींवरून उतरवाव्यात. यावर अमोलचे म्हणणे वेगळे आहे. तेही लिहिते, कारण एवढ्या एकाच म्हणण्याने मी डळमळले होते. तो म्हणाला, "आत्या, ऱ्हाऊ द्या की. टेकडीचा एकबी फोटू न्हाई आपल्याकडं. तिचा रंग कुटं दिसत आसल तर तुमच्या मंगळावर दिसतुया."

मी दोन दिवस सगळी चित्रे पुन्हा पाहिली. मग सांगितले, तुझ्या बापाने टेकडी विकली त्याची भरपाई मंगळाकडून घेता येत नाही. मुलांना खोटा ग्रह दाखवून मला माझे दुःख जपायचे नाही. चित्रे उतरतील. मुरमाची बाटली अमोलने घ्यावी. तिच्यावर "जांबे" अशी चिठ्ठी आहे, तेवढीच तिची ओळख.

कलम ६. मृण्मयीने मूळ छायाचित्रांवरून, पट्टी धरून, नवी चित्रे करावीत किंवा करू नयेत. तिला हे सगळे नकोच असेल तर तिची मनधरणी करू नये.

कलम ७. माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी मृण्मयीने पौडच्या त्याच सभागृहात माझा खुलासा वाचून दाखवावा.

हे कलम ७ मी खोडले आहे आणि खोडल्याची सही बाजूला केली आहे. कारण पुढीलप्रमाणे.

साक्षीदार म्हणून आलेल्या रत्नाबाईंना मी हा मजकूर वाचून दाखवला. रत्नाबाई माझ्या शेजारी, चौथीपर्यंत माझ्याबरोबर शिकलेल्या. सातव्या कलमाला म्हणाल्या, "शारदे, शिव्या तू घातल्यास, आन् तू मेल्यावर माफीबी त्या पोरीनंच वाचायची व्हय? तुला काय झालंय? त्वांड हाय ना तुजं?"

मी म्हणाले, परवानगी नाही, दयानंद सभागृह देणार नाहीत.

"मग आजवर भाषणं काय परवानगी काढून केलीस?"

मी पेन उचलला आणि माझेच वाक्य खोडले. चाळीस वर्षांत असे प्रथमच घडले.

कलम ७, नव्याने. येत्या रविवारी, नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजता मी पौडला स्वतः बोलेन. मृण्मयीला पत्र आजच टाकले आहे. येणे न येणे तिच्यावर. सभागृहाला कुलूप असेल तर समोरच्या एसटी स्टँडवर उभी राहीन. एक न कापलेले चित्र हातात धरेन, निळा तुकडा तपकिरी आहे हे सर्वांना दाखवेन आणि तिचे नाव घेऊन म्हणेन की ती बरोबर होती आणि मी तिला जे बोलले ते नीचपणाचे होते. डॉक्टरांनी जिने चढू नका, जोरात बोलू नका असे सांगितले आहे. स्टँडला जिना नाही. दुसरी अट मी पाळणार नाही.

त्याआधीच मेले तर हा कागद अमोलने तिथे वाचावा, मोठ्याने, आणि बापाचे कलमही वगळू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझा आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आणि त्यांनी माझ्यासमक्ष केली.

शारदा कोंडाजी ओझरकर (सही)

साक्षीदार १: रत्नाबाई नथू मांदळे, राहणार जांबे (सही)
साक्षीदार २: गेणबा विठू साखरे, निवृत्त पोस्टमन, राहणार कासारसाई (सही)

ठिकाण: जांबे, तालुका मुळशी
दिनांक: ५ नोव्हेंबर २०२५, बुधवार