गोळी उपासाला चालते

प्रिय सुमन,

पत्रं लिहायची हौस तुझी, माझी नव्हे. तरी आज बसले आहे, कारण उद्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे आणि देवळीला तुझी सून रंजू तुझा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडणार आहे. तिला थांबवायचं तर आधी तुला एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी दिवाळीपासून गिळून बसले आहे. मी! जिला बघून सिंदी मेघेच्या शाळेत मी शिकवलेली, आता मिशा फुटलेली पोरं अजून सायकलवरून उतरतात!

दिवाळीत तुझी वैशू माझ्याकडे दोन दिवस राहिली. "लेक एवढी शिकली अन् आतडे पाहून राह्यली," असं तू गावभर हसत सांगायचीस. या वेळी मी तिला नीट विचारलं, नक्की काय बघतेस गं?

"मावशी, आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं," ती म्हणाली. "मेंदूला न विचारता ते कितीतरी कामं करतं. आणि आतल्या बाजूला पेशींचा एकच थर. एकच! आपल्या कुडाच्या भिंतीवरच्या लिंपणासारखा. दर थोड्या दिवसांनी नवा होतो. लिंपण धड असेल तर अन्नाचा रस आत येतो, घाण बाहेर राहते. ते जाळं आणि हे लिंपण एकमेकांशी काय बोलतात, ते मी बघते."

बोलतात! माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली.

तू काय म्हणायचीस, आठवतं? "ताई, पोटात कोनीतरी बोलून राह्यलं वं." आणि मी काय म्हणायचे? "पोट बोलत नसतं, सुमन. डोकं बोलतं. विचार कमी कर."

खरं सांगू? मला हे ठाऊक असायला हवं होतं. बाबांनी मला वर्ध्याला कॉलेजात घातलं, तुला दहावीनंतर घरी बसवलं. प्राणिशास्त्राच्या तासाला आम्ही बेडूक कापायचो. एकदा आतड्याचा तुकडा काढून मिठाच्या पाण्यात ठेवला, तर तो बशीत हळूहळू हलत होता. शरीर नाही, डोकं नाही, तरी हलत होता! सर म्हणाले, निरीक्षण लिहा. आम्ही लिहिलं. का हलतो, हे मी विचारलं नाही. पैकीच्या पैकी गुण घेतले आणि पुढे तीस वर्षं मुलांना 'का विचारा, का विचारा' म्हणून छळलं.

मग मी वैशूला विचारलं, हे लिंपण उखडतं कशानं?

"कितीतरी गोष्टींनी. मोठ्या आजारानं, फार ताणानं. आणि या दुखण्याच्या गोळ्यांनी. त्यातून रिकाम्या पोटी, वर्षानुवर्षं घेतल्या तर..." ती थांबली. "मावशी, आई कोणत्या गोळ्या घ्यायची गं? रोज घ्यायची?"

"घ्यायची कधीमधी," मी म्हणाले.

कधीमधी! सुमन, मी तुझ्या लेकीशी खोटं बोलले.

तो दिवस तू विसरली असशील, मी नाही. कापसाची वेचणी चालू होती. दिवसभर पोटाशी कापसाची ओटी बांधून, वाकून तुझी कंबर गेली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, 'जेवणानंतर' म्हणून सांगितलं. आणि तुझा नेमका उपास. तुझ्या ओट्यावर चारपाच जणी बसल्या होत्या. तू हातात गोळी धरून मला विचारलंस, "मास्तरीणबाई, सांगा आता. जेवल्यावर घ्याची म्हन्ते डॉक्टर. उपासाले जेवन नाई. मंग गोळी चालते का नाई?"

मी क्षणभरही थांबले नाही. "गोळीत अन्न नसतं. गोळी उपासाला चालते. चहाबरोबर घे."

"घ्या! ताईनं देवाची परवानगी आनली!" तू टाळी दिलीस. सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. आणि मला बरं वाटलं, बाई. शिकलेल्या बहिणीचा शब्द! त्या दिवसापासून तुमच्या गल्लीत तो नियमच झाला. सोमवार, चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार. पोटात कोरा चहा आणि माझी परवानगी. वर्ध्याहून येताना पाकिटंही मीच आणायचे. गोळ्या ठेवायला तो डबाही मीच दिला होता.

देवाला काय चालतं, ते मी सांगितलं. पोटाला काय चालतं, ते सांगायचं माझं काम होतं. तेच राहिलं.

तू एकदा तरी भांडायचं होतंस माझ्याशी! बेंबीभोवती तळहात दाबून बसायचीस, तोंड पांढरं पडायचं, तरी "ताईले समजते" म्हणायचीस. एवढा विश्वास कोणी कोणावर ठेवतं का गं?

तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला. "ताई, शी काळी होऊन राह्यली. डांबरावानी." मी विचारलं, काय खाल्लंस? पालक? मेथी? "अंगात दम नाई," तू म्हणालीस. मी म्हणाले, "सकाळी बघू."

सकाळी तुला मोठ्या दवाखान्यात नेलं. आतडं फुटलं होतं; ती काळी शी म्हणजे आत वाहणारं रक्त होतं. जखमा जुन्या आहेत, असं सर्जन म्हणाले. मी त्यांना काही विचारलं नाही. पुन्हा नाही विचारलं!

वैशू म्हणते, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. ती शास्त्र शिकली आहे, जपून बोलते. पण तिला अर्धीच माहिती मी दिली आहे.

आणि आता रंजू. तुझे सगळे उपास तिनं उचललेत. पहिल्या गुरुवारी मी देवळीला गेले होते. घट मांडला होता, तुझ्यासारखीच ठसठशीत रांगोळी काढली होती. वेचणीवरून आलेली पोर कंबर धरून आत गेली, तुझा डबा काढला, गोळी तोंडात टाकली, वर कोरा चहा.

"काही खाल्लंस का?" मी विचारलं.

"उपास हाय ना, मावशी! गोळी चालते. आई म्हनायच्या, मावशीनंच सांगतलं. आता तुमीच इचारता काऊन?" ती हसली. हसताना तिचा हात पोटावर गेला. बेंबीभोवती. तळहात दाबून.

सुमन, तो हात तुझा होता.

मी बोलायला हवं होतं. तिथेच, घटासमोर. पण बोलले असते तर तिनं विचारलं असतं, मग आईंचं काय झालं? त्या प्रश्नाला भिऊन मी प्रसाद घेतला आणि बस पकडली. दुसरा गुरुवार गेला. तिसरा गेला. रोज ठरवलं, फोन करते. रोज म्हटलं, उद्या.

उद्या उद्यापन. गल्लीतल्या सगळ्या जणी हळदीकुंकवाला येतील. त्यांच्यादेखत सांगायचं, असं मनात ठरवून हे पत्र लिहायला घेतलं होतं.

पण एवढं लिहीपर्यंत रंजूचा फोन आला. उद्या नक्की या, म्हणून आमंत्रण. तिचा आवाज बारीक येत होता. बरं नाही का, विचारलं. "काई नाई, मावशी. थोडी चक्कर येऊन राह्यली. अन् दोन दिवसांपासून..." ती लाजली. "शी काळी होऊन राह्यली. पालक खाल्ला असंन."

मी घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजून गेले होते. वेळही जवळजवळ तीच.

मी तिला सांगितलं, आता एकही गोळी घ्यायची नाही आणि नवऱ्याला म्हण, गाडी काढ, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात ये, मी दारात उभी असेन. "पन मावशी, उद्याची तयारी?" "देवी थांबेल," मी म्हणाले. "काऊन, एवढं काय झालं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तुझं सांगितलं, माझं सांगितलं. तिनं फोन धरूनच नवऱ्याला हाक मारली. मग नुसतं, "येतो."

ऑटो बोलावला आहे, तो येईपर्यंत हे लिहिते. वाटेतच वैशूलाही फोन करते. कोणत्या गोळ्या, किती वर्षं, कोणी आणून दिल्या, सगळं.

रंजू वेळेत पोचेल का, मला ठाऊक नाही. मी तुला एवढंच वचन देते: या वेळी डॉक्टरांना सगळं विचारीन, आणि 'सकाळी बघू' हे शब्द माझ्या तोंडून पुन्हा कोणी ऐकणार नाही. उद्या काहीही झालेलं असो, तुझ्या ओट्यावर येईन आणि माझी परवानगी सगळ्यांसमोर परत घेईन.

ऑटो आला आहे. निघते.

तुझी,
ताई