सीसीटीव्हीच्या लेन्समधले आप्पा

रविवार संध्याकाळ, शिरूर

वरवंडचे पुढारी आप्पा यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो काढायला आज नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर जुन्या सीसीटीव्हीची स्वस्तातली लेन्स, मध्ये जोडरिंग लावून, बसवली. हौस! मधला चेहरा लखलखीत, कडा मात्र गरगरून पुसट. फोटोत आप्पा झकास आले. बाजूचे चार कार्यकर्ते पार धुक्यात. काम हातचं जातंय की काय, असं क्षणभर वाटलं खरं.

आप्पांनी स्क्रीन निरखली. "कडंला कोण हायेत?"

"तुमचीच माणसं, आप्पा."

"मी दिसतोय न्हवं? मग छापा!"

पुसट कडांवर कार्यकर्तेही चिडले नाहीत, हे कसं? उत्तर निघताना मिळालं. त्यांतला एक गाडीपर्यंत आला.

"भाऊ, पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस हाय. हीच लेन्स आणा. आप्पांना कडंला उभं करू."