सोमारीबाईला वाचून दाखवावे

पोंभुर्णा, जि. चांदा
दि. ४ फेब्रुवारी १९५७

कोसमटोल्याच्या शाळेचे लटारू गुरुजी यांस,

सा. न. वि. वि. आपली माझी ओळख नाही, तरी लिहिण्याचे धाडस करते. आपल्या गावात सोमारी नावाची गोंड बाई राहते. विधवा आहे, सुईणपण करते. माझे यजमान जंगलखात्यात नाकेदार आहेत. कुरखेड्याच्या बाजूला त्यांचा नाका होता, तिथे ती पाच वर्षे आमच्या घरी कामाला होती. तिला वाचता येत नाही. खालचा मजकूर तिला एकटीला वाचून दाखवावा. तिला समजावे म्हणून आम्ही बोलतो तसेच लिहिले आहे. आपण हसू नये.

सोमारीबाईले धुरपताचा रामराम.

आम्ही इथी बरे आहोत. तूही बरी असशीन. नाकेदारांची बदली पोंभुर्ण्याले होऊन वर्ष झालं. क्वार्टर पक्कं आहे, विहीर आंगणातच आहे. यंदा धान चांगलं झालं म्हणतात. तुझ्या बकऱ्या किती झाल्या?

कमळा आता सहा वर्षांची झाली. उंच झाली. तिचं बोलणं म्हणशीन तर तसंच आहे, थोडं कमीच झालं असं म्हण. इलाज चालू आहेत. सावली गावाले माझ्या माहेरच्या वैद्यानं वेखंड उगाळून मधात जिभेले लावायले सांगितलं. तीन महिने लावलं, तर जीभ लाललाल झाली आणि पोरगी जेवेनाशी झाली. मंग एका भगतानं ताईत दिला. दिवाळीनंतर नागपूरले मोठ्या डॉक्टरपाशी नेलं. त्यानं घसा पाह्यला, पाठीमागून ताट वाजवलं, तर कमळानं लगेच वळून पाह्यलं. तो म्हणाला, कान चांगले आहेत, घसाही चांगला आहे. त्यानं मले अजून काही विचारलं, ते जाऊ दे.

आता सावलीले एक माणूस आहे, तो जिभेखालची शीर कापते. कापली की जीभ मोकळी होते म्हणे. नाकेदारांचं मन तिकडं गेलं आहे. मले भेव वाटते.

म्हणून लिहून राह्यली, की तू आठ-पंधरा दिवस येऊन राह्यली तर बरं होईल. पोरगी तुझी लय आठवण काढते. मागं जे झालं ते लोकांच्या बोलण्यानं झालं. लोकांचं तोंड कोण धरते? तू मनात ठेवू नको.

गाडीभाडं मी पाठवीन. येशीन ना?

सौ. धुरपता, नाकेदारीणबाई


पोंभुर्णा
दि. २ मार्च १९५७

गुरुजींस नमस्कार. आपले कार्ड मिळाले. हेही तिला एकटीलाच वाचून दाखवावे.

सोमारीबाईले रामराम.

गुरुजींनी सारं लिहिलं. पत्र ऐकून तू एकच विचारलं, "पोरगी बोलते का?" गुरुजी म्हणाले, "तुझी आठवण काढते असं लिहिलं आहे." त्यावर तू म्हणाली, "आठवण काढाले बोलता येते, तं मले काऊन बलावते?" आणि उठून बकऱ्यांमागं चालली गेली.

तू बरोबर धरलं. आठवण काढते हे मी खोटं लिहिलं. कमळा काहीच बोलत नाई. थोडं कमी झालं असं लिहिलं तेही खोटं. तू गेली त्या दिवसापासून तिनं एक शब्द काढला नाई. चौदा महिने झाले. भूक लागली तर चुलीपाशी येऊन उभी राहते. पडली, लागलं, तर डोळ्यांतून पाणी येते, पण आवाज नाई. शेजारची लेकरं तिले मुकी म्हणतात आणि ती त्यांच्याकडं पाहत राहते.

गुरुजींनी अजून एक लिहिलं, ते मले खरंच माहीत नव्हतं. नाक्यावरची गोष्ट तुझ्या आधीच तुझ्या गावात पोचली म्हणे. आता तुले बाळंतपणाले कोणी बोलावत नाई. तू वाटेनं निघाली की बाया लेकरं पदराखाली घेतात. ज्या गावातली निम्मी पोरं तुझ्या हातावर झाली, तिथी असं!

ते कार्ड मी चुलीत टाकलं. नाकेदारांनी पाहू नये म्हणून.

होळी झाल्यावर सोमवारी कमळाले सावलीले नेणार आहेत. नाकेदारांनी रजा घेतली. मी काय करू? तुले सांगायचं आहे ते हाताले लिहिता येऊन नाई राह्यलं. तीन वेळा लिहिलं आणि फाडलं.

तू येऊन जा. माझ्यासाठी नको येऊ.

धुरपता


पोंभुर्णा
दि. २२ मार्च १९५७

लटारू गुरुजींस नमस्कार.

हे पत्र सोमारीबाईला एकटीला वाचू नये. गावचे पाटील आणि सगळ्या बाया-माणसांना बसवून, सर्वांच्या पुढे मोठ्याने वाचावे. तिची परवानगी आधी विचारावी. ती नको म्हणाली तर फाडून टाकावे.

कोसमटोल्याच्या समद्या लोकांले नाकेदाराची बायको धुरपता हिचा रामराम.

सोमारीनं माझ्या पोरीची जीभ बांधली, ती जादू करते, असं तुम्ही ऐकलं. ती गोष्ट पहिल्यांदा माझ्या तोंडातून निघाली. दुसऱ्या कोणाच्या नाई. ती खोटी होती आणि बोलताना मले माहीत होतं की खोटी आहे.

सोमारीबाई, आता तुले सांगते.

कमळा झाली तेव्हा मले ताप धरला तो सहा महिने सुटला नाई. तू तिले पाठीशी बांधून भांडे घासले, पाणी भरलं. ती बोलाले लागली ते तुझ्या बोलीत. तुले याया म्हणायची, म्हणजे आई. मले काही म्हणायची नाई, नुसती पदर ओढायची. नाकेदारांले ते खपत नव्हतं. ती पाण्याले येर म्हणाली की ते छडी घेऊन समोर बसायचे. "पाणी म्हण." ती म्हणायची, "पा... पा... पा..." तोंड वाकडं व्हायचं, डोळे मिटायची, आणि शब्द अडकायचा. "पुन्हा म्हण." मी चुलीपुढं बसून ऐकत राहायची. मलेही वाटे, मारल्याबिगर कसं शिकेल.

एक दिवस मी कोंबड्यांच्या खुराड्यामागं गोवऱ्या आणाले आली. तू आंगणात तांदूळ निवडत होती आणि कमळा तुझ्या मांडीले टेकून काहीतरी सांगत होती. खारीची गोष्ट असावी, हातानं शेपूट दाखवत होती. कुठंच अडकत नव्हती. झऱ्यासारखी बोलत होती, हसत होती. मध्येच तुझ्या तोंडावर हात ठेवून तुले गप करत होती. माझं लेकरू एवढं बोलू शकते हे मी पहिल्यांदा पाह्यलं. आनंद व्हाले पाह्यजे होता. मले तुझा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिथल्या पाटलीणबाईनं विचारलं, "पोरगी बोलत काऊन नाई वो?" मी म्हटलं, "सोमारीपुढं बोलते, आमच्यापुढं नाई. तिनं जीभ बांधून ठेवली." एवढंच म्हटलं. सगळ्या बायांच्या घागरी तिथीच थांबल्या.

चौथ्या दिवशी लोक आले. तुले वसरीतून ओढलं. मी कमळाले कडेवर घेऊन दारात उभी होती. दगड तुझ्या कपाळाले लागला तो तिनं पाह्यला. तू रडली नाई, माझ्याकडं पाह्यलं. तेव्हा मी नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी लोक थांबले असते, नाकेदाराची बायको होती मी. मी घरात गेली आणि दार लावलं.

नागपूरच्या डॉक्टरनं मले हेच विचारलं होतं. "ही कोणापुढं मोकळी बोलत होती का? घाबरली होती का कधी?" नाकेदार बाजूले बसले होते. मी म्हटलं, "कोणापुढंच नाई." डॉक्टर म्हणाला, मग आम्ही काय सांगणार.

या सोमवारी सावलीले गेलो. त्या माणसानं दोन गड्यांले पोरीचे हातपाय धरायले सांगितलं. वस्तरा दिव्यावर धरला. कमळानं हातपाय झाडले नाई, ओरडली नाई. मान वळवून नुसती माझ्याकडं पाहत होती. तशी मी धावली. पोरगी ओढून घेतली आणि सगळ्यांपुढं म्हटलं, "हिच्या जिभेले काही झालं नाई. मी खोटं बोलली. मी."

नाकेदार घरी आले. दोन दिवस जेवले नाई. तिसऱ्या दिवशी आंगणात माझ्याकडं पाठ करून बसले होते. म्हणाले, "तू बोलली ते खरं. पण छडी तं माझ्या हातात होती ना." आज त्यांनीच मले दौत आणून दिली.

आम्ही रामनवमीनंतर कमळाले घेऊन कोसमटोल्याले येणार आहो. तू दार उघडलं नाई तरी येऊ. मी जे लिहिलं ते तुमच्या पाटलापुढं तोंडानं सांगीन.

मी माफी मागत नाई. मागायचं तोंड नाई. तुझ्या नावाले जे लावलं ते काढाले येते.

धुरपता


पोंभुर्णा
दि. ३० एप्रिल १९५७

सोमारीबाईले रामराम. गुरुजींस नमस्कार. हे पत्र कुठेही वाचा, कोणापुढेही वाचा.

तुझ्या गावात आठ दिवस राह्यली, पण तुझ्याशी बोलता आलं नाई. जे बोलायचं ते मनातच घेऊन परत आली, म्हणून लिहून राह्यली.

मूल टेसनाहून आगगाडीनं वडसा, तिथून बैलगाडीनं तुझ्या दारापर्यंत येताना मी वाटभर शब्द जुळवत होती. पाटलापुढं उभी राह्यली तेव्हा त्यातला एकही आठवला नाई. "मी खोटं बोलली" एवढंच दोनदा म्हटलं. तू एका बाजूले उभी होती. तू नाकेदारांले म्हणाली, "पोरगी आत येऊ द्या. बाई बाहेर राहू द्या." मले ते लागलं नाई. मी कुडाबाहेर चिंचेखाली बसली, तिथूनच सारं पाह्यलं.

तीन दिवस तू कमळाले हात लावला नाई. ताट दुरून सरकवायची. ती जवळ आली की हात मागं घ्यायची. आधी मले वाटलं राग आहे. मग समजलं, तुले भेव वाटत होतं, की पुन्हा लोक म्हणतील. पाच वर्षं जिनं माझं लेकरू पाठीवर वागवलं, तिच्या हातांत मी भेव भरलं. दगडाची जखम तरी दिसते.

चौथ्या दिवशी तुमच्या पाटलाची म्हातारी आपल्या सुनेले आणि वीस दिवसांच्या नातवाले घेऊन आली. गाव पाहत होतं. म्हातारीनं लेकरू सुनेच्या हातातून घेतलं आणि तुझ्या मांडीवर ठेवून दिलं. मले वाटलं तू आता रडशीन. तू लेकराची बेंबी पाह्यली आणि त्या सुनेले खवळली, "अजून ओली काऊन आहे? तेल लावते का राख?" ती पोरगी भिऊन "राख" म्हणाली, आणि साऱ्या बाया हसल्या.

तेव्हाच कमळा उठून तुझ्यापाशी आली. तुझ्या कपाळाच्या व्रणावर बोट ठेवलं आणि काहीतरी म्हणाली. तुमच्या बोलीत म्हणाली. बारीक आवाज होता, घोगरा, लय दिवस बंद राह्यलेल्या दारासारखा. तू "नाई" अशी मान हलवली. मले समजलं नाई. पंधरा महिन्यांनी माझी पोरगी बोलली आणि तिच्या आईले त्याचा अर्थ दुसऱ्याले विचारावा लागला. गुरुजी म्हणाले, "ती विचारून राह्यली, अजून दुखते का?"

मी तिथी बसून लय रडली. नाकेदार बैलांपाशी जाऊन उभे राह्यले.

आता इकडचं सांगते. कमळा बोलते, पण अडकते. नागपूरच्या डॉक्टरले पुन्हा पत्र लिहिलं, खरं खरं सारं लिहिलं. त्याचं उत्तर आलं. तो लिहिते, हे एकदम जाणार नाही, कदाचित थोडं कायमचंच राहील. तिचा शब्द तुम्ही पुरा करू नका, तिच्या ज्या बोलीत येईल त्या बोलीत येऊ द्या, आणि थांबा. थांबायचं औषध कोणत्याच वैद्यानं सांगितलं नव्हतं. अवघड आहे. शब्द तिच्या ओठापाशी दिसते आणि माझा जीव तो ओढून काढाले धावते. मी पदर दातांत धरून बसते.

परवा कमळा धावत आली आणि बापापुढं उभी राह्यली. "गा... गा..." नाकेदार लिहीत होते. टाक खाली ठेवला आणि तिच्याकडं पाहत बसले. ती तीनदा थांबली, पाय आपटला, पुन्हा सुरू झाली. शेवटी म्हणाली, "गायीनं दावं तोडलं." तोवर गायीनं शेजाऱ्यांची वांगी साफ केली होती. शेजारीण भांडाले आली, तर नाकेदार म्हणाले, "भरून देतो बाई, पण पोरीनं सांगितलं आम्हाले." शेजारणीले काही उमजलं नाई.

रोज नाई होत असं. दोन दिवस ती पुन्हा गप होती, मी माझ्या बहिणीशी मोठ्यानं भांडली म्हणून. तिसऱ्या दिवशी कोंबड्यांशी बोलली. मी दुरून ऐकलं आणि या वेळी तशीच मागं फिरली.

निघताना मी तुझ्या पायांले हात लावाले वाकली तर तू पाय मागं घेतले. म्हणाली, "पोरीले आणत जा. तुझं मले काई नाई लागत." गाडीत नाकेदार म्हणाले, "जास्त बोलली ती." मी म्हटलं, "कमी बोलली."

धान निघालं की कमळाले घेऊन येईन. पंधरा दिवस ठेवीन. तिले तुझी बोली विसरू देणार नाई, मीही थोडी शिकून राह्यली, तीच मले शिकवते आणि चुकलं की हसते. मले आंगणात बोलवू नको. चिंचेखाली सावली चांगली आहे, मी तिथी बसीन. तू म्हणशीन तेवढी वर्षं बसीन.

तुझी असं लिहायचा हक्क नाई, म्हणून नुसतं,

धुरपता