पाण्याखालच्या पट्टीची वाटणी

मी, डॉ. बुद्धघोष श्रीपती सरवदे, वय ६७, निवृत्त प्राध्यापक (व्यवसाय प्रशासन) व माजी कुलगुरू, राहणार बारामती, मूळ गाव डाळज, तालुका इंदापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. काळीज ठिकाणावर नाही, पण कायदा त्याचा दाखला मागत नाही. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळे काही माझा एकुलता मुलगा सिद्धार्थ याच्या नावे होते.

सिद्धू गेल्या ऑक्टोबरात गेला. भाजीची गाडी घेऊन पहाटे निघाला होता, भिगवणच्या पुढे महामार्गावर उभ्या ट्रेलरला धडकला. त्याची आई ज्योत्स्ना आधीच गेलेली, तिने हे पाहिले नाही, एवढे बरे झाले. लेकाच्या नावाने लिहिलेला कागद मी माझ्या हाताने फाडला. त्यानंतर बरेच दिवस मला पेन धरवत नव्हते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. मोना शिंदे, बारामती, यांनी करावी. त्या माझ्या विद्यार्थिनी. वर्गात शंका विचारून मला भंडावून सोडायच्या. आता मीच त्यांना भंडावतो आहे. कलम ७ काढून टाका, असे त्या तीनदा म्हणाल्या. मी ते ठेवले आहे.

कलम २. बारामतीचे राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते, बँकेतील ठेवी आणि घरातील सर्व चीजवस्तू माझी सून सुप्रिया सिद्धार्थ सरवदे हिला द्याव्यात. तिने पुन्हा लग्न करावे. ही अट नाही, म्हाताऱ्याची इच्छा आहे. केले तरी घर तिचे, नाही केले तरी तिचे. ते भावकीकडे परत येणार नाही, कोणी त्याची वाट पाहू नये. सुप्रिया बावडा गावची. लग्न होऊन आली तेव्हा मला 'सर' म्हणायची. कुलगुरूपद संपले आणि मला सर म्हणणारी माणसे भराभर कमी झाली, तेव्हा तिने आपण होऊन 'बाबा' म्हणायला सुरुवात केली. सिद्धू गेल्यापासून ती रोज माझ्यासमोर बसून जेवते, म्हणजे मी जेवावे म्हणून जेवते. मला सगळे कळते.

कलम ३. माझी पुस्तके डाळजच्या वाचनालयाला द्यावीत. आठवडे बाजारात भाजीचे भाव कसे ठरतात, यावर मी प्रबंध लिहिला होता. त्याची प्रतही द्यावी. माझी आई ताईबाई भिगवणच्या बाजारात वांगी विकायची, तिच्या पाटीशेजारी बसून मी तो विषय शिकलो. मार्गदर्शकांना मात्र विषय ग्रंथालयात सुचला असे सांगितले, कारण त्यांना तेच आवडले असते. तिथून व्याख्याता, मग प्राध्यापक, मग विभागप्रमुख आणि शेवटी कुलगुरू. आईने कुलगुरू म्हणजे काय ते विचारले. मी सांगितले, सगळ्या कॉलेजांचा मोठा मास्तर. ती म्हणाली, "मंग पोरांना मारत जाऊ नगंस." पाच वर्षांत मला मिळालेला एवढाच कामाचा सल्ला.

कलम ४. माझे सन्मानाचे झगे, ढाली व मानपत्रे यांचे काय करावे मला सुचत नाही. शाली भवानीनगरच्या ऊसतोड कामगारांच्या वस्तीत वाटाव्यात, थंडीच्या आत. सत्कारात मिळालेल्या शालीने ऊब येते की नाही, हे त्यांना तरी कळू दे.

कलम ५. माझ्या शोकसभेत प्रा. राजवर्धन निंबाळकर यांना बोलू देऊ नये. कुलगुरूपदी माझी निवड जाहीर झाली तेव्हा माझ्याविरुद्ध निनावी अर्ज गेला, आणि सत्काराला सर्वांत मोठा हार त्यांनीच आणला. अर्जातली भाषा मी ओळखली, कारण त्यांचे शोधनिबंध मीच तपासायचो. ते फार सुंदर बोलतात. लोक रडतील, कदाचित मीही रडेन. त्यांना पुढच्या रांगेत बसवून चहा द्यावा, साखर बेताची.

माझे फ्लेक्स लावू नयेत. सिद्धूच्या दहाव्या दिवशी माझा पुतण्या अविराज याने भिगवणच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो मोठा, पदव्यांसह, पुढाऱ्यांचे त्याहून मोठे, आणि कोपऱ्यात तिकिटाएवढा सिद्धू. अविराजने प्रेमाने लावला होता, त्याच्या हे ध्यानातही आले नाही. मी त्या चौकातून अजून जात नाही, गाडी आतल्या रस्त्याने नेतो.

कलम ६. कुलगुरूंची खुर्ची. मी रुजू होण्याच्या आदल्या दिवशी कार्यालयातली जुनी खुर्ची हलवली होती. "नवीन साहेबांना नवीन खुर्ची," असे मला सांगण्यात आले. मी निवृत्त झालो त्या आठवड्यात ती नवीन खुर्चीही हलवून भंगारात टाकली. का, ते कोणी सांगितले नाही. मी ओळखले. आमच्या जातीचा माणूस बसलेली खुर्ची पुढच्याला नको होती. सिद्धूने ते ऐकले. भंगाराच्या लिलावाच्या दिवशी टेम्पो घेऊन गेला आणि खुर्ची उचलून आणली. ती डाळजच्या आमच्या जमिनीच्या पट्टीच्या (कलम ७) वरच्या अंगाला, पाणी उपसायच्या इंजिनाच्या खोपटात ठेवली. तिच्यावर बसून तो पाखरे राखायचा. मला म्हणायचा, "बाबा, हितं बसा. हितनं कोन उठवत न्हाय." ही खुर्ची तिथेच राहावी. सिद्धूचे डिझेल इंजिन, पाईप, फवारणीचा पंप आणि खोरी सुप्रियाला द्यावीत.

कलम ७. आता पट्टी. ज्याला आमच्याकडचे ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहितो. उजनीचे धरण झाले तेव्हा डाळजची आमची जमीन पाण्याखाली गेली. मी तेव्हा बी. कॉम.ला होतो. उन्हाळ्याकडे पाणी ओसरते, जमीन पुन्हा उघडी पडते, वर ओला गाळ असतो. त्यात आम्ही काकडी, कलिंगड पेरतो आणि पावसाळ्यात पाणी परत यायच्या आत काढतो. याला गाळपेर म्हणतात. कागदावर जमीन सरकारची. पण पाणी उतरले की प्रत्येक घर आपापल्या जुन्या जागेवरच उतरते. बांध वाहून गेलेत. कुठून कुठवर कोणाचे, हे शेजारच्या पट्टीवाल्याने सांगायचे आणि सगळ्यांनी मानायचे, अशी रीत आहे. परीक्षेत कोणी मालकीची अशी व्याख्या लिहिली असती तर मी शून्य गुण दिले असते.

सिद्धूने प्राध्यापक व्हायचे नाकारले आणि ही पट्टी धरली. मॅनेजमेंटच्या कुलगुरूचा पोरगा काकड्या विकतो, असे लोक बोलायचे. त्याच्या काकड्या त्याच लोकांनी खाल्ल्या. तो गेला तेव्हा धरण भरलेले होते. होडीतून जाऊन त्याची रक्षा आम्ही पट्टीवरच्या पाण्यात सोडली. जागा माझा धाकटा भाऊ आबाजी याने दाखवली, कारण आमच्या पट्टीला लागून त्याचीच पट्टी आहे.

सिद्धूच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या स्मृतिविधीच्या दिवशी जेवणे झाल्यावर अंगणात अविराज मला म्हणाला, "आप्पा, वैनी आज हायत, उद्या कुठं आसतील कुनाला ठावं. पट्टी भावकीत ऱ्हायली पायजे. औंदा आमी पेरतो."

आबाजी तिथेच बसला होता. अविराज त्याचाच लेक, पण त्याला 'गप्प बस' असे तो म्हणाला नाही. सुप्रिया चहा घेऊन आली होती. ट्रे खाली ठेवून म्हणाली, "बाबा, घर न्हाय दिलं तरी चालंल. तेवढी पट्टी माझ्याकडं राहू द्या. त्ये तितं हायत."

त्या दिवसापासून आबाजी माझ्याकडे आलेला नाही.

म्हणून मी लिहितो की डाळजची आमची गाळपेर पट्टी सुप्रियाने पेरावी, या वर्षी आणि तिला वाटेल तितकी वर्षे, कोणाच्याही घरी नांदत असली तरी. जी जमीन माझी नाही ती देता येत नाही, असे ॲड. मोना म्हणतात. बरोबर आहे. कोर्टात हे कलम एक क्षणही टिकणार नाही. ते टिकले तर गावात टिकेल, आणि तेही शेजारच्या पट्टीवाल्याने मानले तरच. पाणी उतरायला लागले आहे. पट्टी महिनाभरात उघडी पडेल, आणि खोरे घेऊन ती तिथे उतरेल तेव्हा तिला कोणी उठवू नये. माझी रक्षाही, पाणी असेल तेव्हा, तिथेच सोडावी. एवढ्यासाठी हे सगळे लिहिले. बाकीची कलमे नसती तरी चालले असते.

साक्षीदार म्हणून आबाजीला निरोप धाडला आहे. येईल की नाही, सांगता येत नाही. त्याची ओळ मोकळी ठेवतो.

याच दिवशी, दुपारनंतरचा मजकूर. आबाजी एस.टी.ने आला. पाणी प्यायला, चहा नको म्हणाला. ॲड. मोना यांच्यासमोर मी सगळे वाचून दाखवले. कलम ७ त्याने पुन्हा वाचायला लावले. अंगणात अविराज जे बोलला तेही मी गाळले नाही. मग तो म्हणाला, "दादा, त्या दिशी माज्या तोंडातनं शबुद फुटला न्हाय. पोरगा गेलेला, आन आमी वाटनी करत बसलो." मग पेन मागून घेतले. "हितं काय लिहायचं ते लिव. पन पानी उतरलं की सुप्रियाला मला हाक मारायला सांग. कुठनं कुठवर तिचं, ते मी दावनार. दुसरं कोन दावनार हाय?"

त्याला लिहायची सवय उरलेली नाही. सही करायला वेळ लागला. आम्ही दोघेही रडत होतो, हे ॲड. मोना यांनी पाहिले आहे.

लिहून ठेवणार : बुद्धघोष श्रीपती सरवदे (सही)

साक्षीदार १ : दत्तू रामहरी काळे, शेजारी, बारामती (सही)

साक्षीदार २ : आबाजी श्रीपती सरवदे, डाळज; सुप्रियाच्या पट्टीशेजारचा (सही)

ठिकाण : बारामती
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२५