नकाशावरचा हिरवा ठिपका

सर, तुमच्या खोलीतला नकाशा बदलला, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. टीव्ही तोच आहे, त्याच्या पाठीमागे तुम्ही चिकटवलेला छोटा कॉम्प्युटरही तोच. पण त्यात चालणारा प्रोग्रॅम बंद झाला. परदेशातला एकच माणूस इतकी वर्षं तो सांभाळत होता. त्याने थांबायचं ठरवलं, आणि जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांच्या भिंतींवरचे नकाशे एकेक करून अडकत गेले. मिरजगावात ते कळायला थोडा वेळ लागला. लाईट गेली, आली, आणि नकाशा आलाच नाही, तेव्हा काकूंनी मला नगरला फोन केला. "तुझ्या सरांचं जग बंद पडलंय, कधी येतेस?" असं त्या हसतच म्हणाल्या. मी त्या शनिवारी सकाळच्या एसटीत बसले.

त्या खोलीत पाऊल टाकलं की मी अजून नववीतली होते. भिंतीवर सगळी पृथ्वी, तिच्यावर पिवळा सूर्य, आणि हळूहळू सरकणारी रात्रीची सावली. त्या सावलीची कड आपल्यावरून जाते तेव्हा फार दूरचे आवाज जवळ येतात, असं तुम्ही सांगता आणि खरोखरच खरखरीतून एखादा अनोळखी माणूस बोलायला लागतो. माझे वडील पायरीवर बसलेले असतात. तुम्ही आत बोलावता तर म्हणतात, "न्हाई सर, हितंच बरं हाय. पोरगी कुणाशी बोलती तेवढं ऐकतो." आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी गेले, पदवीपर्यंत गेले, आज नगरमध्ये नोकरी करते, त्याची सुरुवात त्या खोलीत झाली हे ते सगळ्यांना सांगतात.

एकदा तुम्ही चहाला आत गेलात आणि मी माईक उचलून तुमच्याच कॉलसाइनने, तुमच्यासारखा आवाज जाड करून हाक दिली. परवान्याबरोबर सरकारने तुम्हाला दिलेली ती अक्षरं मला पाठ होती, म्हणून. तुम्ही बाहेर येऊन माईक काढून घेतलात. मग स्वयंपाकघरात, काकू थालीपीठ वाढत असताना, शांतपणे म्हणालात, "ती अक्षरं म्हणजे माझा शब्द आहे. माझ्या नावाने तू बोललीस तर ऐकणाऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा?" काकू म्हणाल्या, "अहो, जेवू तरी द्या तिला." तुम्ही लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवलीत, पण शब्द मागे घेतला नाहीत.

जुना प्रोग्रॅम बंद पडल्यावर ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून नवा लिहिला. कोणी पगारी नाही, कोणी मालक नाही. तुम्ही असता तर रात्रंदिवस त्यातच असता. मीही थोडं काम केलं, सेटिंगच्या पानाचं. त्या पानावर एक चौकोन आहे. त्यात टिक असली की तुमचं ठिकाण सगळ्यांच्या नकाशावर हिरव्या ठिपक्याने दिसतं. ती टिक आधीपासूनच असावी हा हट्ट माझा होता. आपण एकमेकांना दिसलो पाहिजे, नाहीतर हे सगळं कशासाठी, असं मी आमच्या इंटरनेटवरच्या गटावर लांबलचक लिहिलं होतं. लोकांनी ऐकलं.

त्या शनिवारी तुमच्या खोलीत मी हा नवा प्रोग्रॅम टाकत होते, काकू माझ्या मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "वर ती अक्षरं यायची बघ, ती येतील ना?" आणि कॉलसाइनच्या जागी मी तुमची अक्षरं टाकली. गेलेल्या माणसाची कॉलसाइन आपल्यात कोणी वापरत नाही, हे मला तुम्हीच शिकवलंत. पण ही घरातली भिंत आहे, मी कुठे हवेत बोलतेय, असं मी मनाशी म्हटलं. त्या चौकोनाची आठवण झाली नाही. मी स्वतः मागितलेली ती टिक मला दिसलीसुद्धा नाही. नकाशा उजळला. काकू थोडा वेळ बघत राहिल्या, मग "आता खोली खोलीसारखी वाटतेय" म्हणून कुकर लावायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. रेडिओवरची सकाळची हजेरी, एकेकाची कॉलसाइन पुकारून, अजून तुमचे मित्र खर्ड्याचे अण्णाच घेतात. तुम्ही गेलात त्या आठवड्यात त्यांनी तुमची कॉलसाइन एकदा घेतली होती, सगळे गप्प राहिले होते, आणि त्यानंतर ती हजेरीतून निघाली. तशीच रीत आहे. या रविवारी मी नगरला परतून माझ्या खोलीत, गच्चीवर ताणलेल्या तारेच्या भरवशावर ऐकत होते. दोन-तीन जणांची हजेरी झाली आणि अण्णा थांबले. मग त्यांनी तुमची अक्षरं घेतली. एकेक अक्षर सुटं करून, शेवटचं जरा लांबवून, ते घ्यायचे तशी. त्यांच्याकडेही नवा नकाशा आला होता आणि त्यावर मिरजगावला हिरवा ठिपका होता. मला सगळं त्या क्षणी कळलं. बोटाखाली माईकचं बोलायचं बटण होतं. अण्णांनी पुन्हा हाक दिली, आणि आणखी एकदा. मग घसा खाकरून त्यांनी माझी अक्षरं घेतली, आणि मी स्वच्छ आवाजात "हजर आहे, अण्णा" म्हणाले.

दुपारी त्यांचा फोन आला. "लेकरा, नकाशावर सरांचा ठिपका हाय. तुला बी दिसतोय का मलाच दिसतोय?" मी म्हणाले, नवीन प्रोग्रॅम आहे अण्णा, त्यात काहीतरी दोष असेल. त्यांनी विश्वास ठेवला. इतका की शब्दकोश घेऊन बसले आणि गटावर इंग्रजीत दोषाची रीतसर तक्रार लिहिली, आपला मित्र गेला आहे आणि तरी दिसतो आहे अशी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांतली ब्राझीलची एक बाई, दिवसा दवाखान्यात नोकरी करणारी, नसलेला दोष शोधत आपल्या संध्याकाळी घालवू लागली. त्या आजोबांना सांगा काळजी करू नका, आम्ही शोधून काढू, असं तिने मला लिहिलं. सर, मला ते वाचवेना.

मी गटावर लिहिलं की दोष प्रोग्रॅमचा नाही, माझा आहे, आणि ती टिक आधीपासून नसावी. मग मिरजगावला गेले. काकूंना सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला. "म्हणजे त्यांनी यांना हाक मारली?" मी हो म्हणाले. "आणि तू ऐकत होतीस." त्या रागावल्या नाहीत, पण फोन लावून माझ्या हातात दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंजे नकाशा बराबर हाय. त्या बाईला उगं कामाला लावलं मी." मी माफी मागायला लागले तर मधेच म्हणाले, "अगं, मला ठावं न्हाई व्हय? खांदा दिलाय मी त्यास्नी. तरी म्हटलं, हाक मारून बघावं." काकूंनी पदर तोंडाला लावला. ती अक्षरं काढून टाकू का, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "घरातल्या भितीवर ऱ्हाऊ दे. भाईर नगं." मी टिक काढली. ठिपका गेला. भिंतीवर तुमची अक्षरं आहेत, आणि आता ती काकूंशिवाय कोणाला दिसत नाहीत.

फोन ठेवताना अण्णांनीच मला सोडवलं. "घाबरली असशील, म्हनून बोलली न्हाईस." मी हो म्हणाले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून इथे लिहिते. पहिल्या हाकेला मी दचकले होते, तेवढं खरं. पुढच्या दोन हाकांना मी घाबरलेली नव्हते. तुमची अक्षरं हवेत कोणी घेतल्याला किती दिवस झाले होते, सर. मी बटण दाबलं असतं तर अण्णा ती घ्यायचे थांबले असते.